४० सेकंदांचा अंधार : दौऱ्यावरच्या एका नाटकात विंगेतला उजेड कसा बसवला

नाटक दोन अंकी. नेपथ्यात दोन जागा: जुन्या वाड्याची ओसरी आणि इस्पितळाचा व्हरांडा. पहिल्या अंकात ओसरी जाऊन व्हरांडा येतो, दुसऱ्यात व्हरांडा जाऊन पुन्हा ओसरी येते. दिग्दर्शकाला संगीत सलग हवं होतं, म्हणून दोन्ही बदल पडदा न पाडता, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे घालवून. म्युझिकचा तुकडा ४० सेकंदांचा. तेवढ्यात चाकांवरचे दोन फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या भिंती, फिरवायचे, फूटभर उंचीची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, मागे सरकवायची, दिवाण काढून तिथे बाक आणायचं, सलाईनचा स्टँड उभा करायचा आणि नातवाचं काम करणाऱ्या नटाला अंधारातच बाकावर नेऊन बसवायचं. बॅकस्टेजला चौघं, पाचवा मी, रंगमंच व्यवस्थापक.

तालमीच्या हॉलमध्ये बदल छान बसला होता. तिथे ट्यूबलाईट चालू असायची. दिवे घालवून बदलाची तालीम घ्यायला हवी हे सगळ्यांना कळतं, पण हॉलचं भाडं तासावर असतं आणि सामानाच्या हलवाहलवीसाठी नटांना थांबवून ठेवलं की कुरकुर सुरू होते. त्यामुळे खऱ्या अंधाराशी पहिली गाठ शुभारंभालाच पडली. फ्लॅट फ्लॅटवर आपटला, बाक अर्ध्यातच राहिलं, म्युझिकवाल्याने तुकडा पुन्हा फिरवला. दुसऱ्या प्रयोगापासून प्रत्येकाच्या हातात मोबाईल दिसू लागला आणि कुणी कुणी तर तो दातांत धरला.

मोबाईलने वेळ थोडा वाचला, पण दुखणी वाढली. पहिल्या अंकात आजोबांना झटका येतो, ते दिवाणावर कोसळतात, दिवे जातात, करुण सूर लागतो. एका प्रयोगात फ्लॅट ढकलणाऱ्याच्या वरच्या खिशातला टॉर्चचा झोत सायक्लोरामावर फिरला आणि त्या पांढऱ्या कापडापुढे आजोबा उठून, धोतराचा सोगा सावरत, लगबगीने विंगेत जाताना अख्ख्या थिएटरने पाहिले. असा हशा पिकला की पुढचा प्रवेश वाया गेला. दुसऱ्या एका प्रयोगात सुनेचं काम करणारी ताई झगझगीत उजेडातून लेव्हलच्या दोन पायऱ्या उतरून डाव्या विंगेत शिरली, दुसरी पायरी तिला दिसलीच नाही आणि घोटा मुरगळला. उरलेलं नाटक तिने क्रेप बँडेज बांधून केलं.

नाटकाचा व्यवहार सांभाळणाऱ्या व्यवस्थापक काकांनी दुसऱ्या दिवशी बजावलं, ''विंगेत मोबाईल दिसला तर त्या दिवशीची नाईट कापणार.'' नाईट म्हणजे प्रयोगाचे पैसे. मोबाईल गेले आणि आदळआपट परत आली.

मामांना दिसतं, पोरांना दिसत नाही

चौघांत सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे मामा. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीपासून बॅकस्टेजला आहेत. मोबाईल असो वा नसो, त्यांचा फ्लॅट बरोबर खुणेवर जाऊन थांबायचा. यात अनुभवाचा भाग असणारच, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी मात्र फार साधं कारण सांगितलं. ''मला दिसतं. पोरांना दिसत नाही. चेंज येईपर्यंत ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, मी अंधारात बसतो.''

पुढच्या प्रयोगाला अंक सुरू झाल्यापासून मी उजव्या विंगेत मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. ब्लॅकआउट झाला तेव्हा फ्लॅटची कड, दिवाणाचे पाय, समोरच्या विंगेतला माणूस, सगळं करड्या रंगात का होईना पण दिसत होतं. त्याच क्षणी मेकअपरूमच्या पॅसेजमधून, म्हणजे पांढऱ्या ट्यूबखालून धावत आलेला मुलगा हात पुढे करून चाचपडत होता. जागा एक, क्षण एक, पण दोघांच्या वाट्याला आलेला अंधार वेगळा.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. भरपूर उजेडात आपण शंकूपेशींनी पाहतो. रंग आणि बारकावे त्या टिपतात. अंधुक उजेडात दंडपेशी कामाला लागतात. त्यांना रंग कळत नाही, पण अत्यल्प प्रकाशही पुरतो. मात्र त्या तयार व्हायला वेळ घेतात. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दंडपेशींची पूर्ण तयारी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. पांढऱ्या टॉर्चकडे नजर गेली की ती कमाई बरीचशी उडते आणि पुन्हा वाट बघावी लागते. म्हणजे मोबाईलचा झोत जिथे पडतो तेवढी वीतभर जागा दिसते आणि बाकीचा रंगमंच आधीपेक्षा काळा होतो, तोही टॉर्च धरणाऱ्याच्याच डोळ्यांना.

यातच आमच्या फायद्याची गोष्ट दडलेली होती. प्रेक्षकाची स्थिती पॅसेजमधून आलेल्या मुलासारखीच असते. तो तासभर उजळलेल्या रंगमंचाकडे बघतोय. दिवे गेले की पहिली काही सेकंदं त्याला जवळपास काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू आकार कळू लागतात. बॅकस्टेजवाल्याचे डोळे आधीच तयार असतील, तर ब्लॅकआउटची सुरुवातीची सेकंदं पूर्ण त्याच्या मालकीची. आम्ही मात्र बदल नेमका उलटा लावला होता. आधी स्टँड, बाक अशा किरकोळ वस्तू आणि शेवटी मोठे फ्लॅट, म्हणजे प्रेक्षकाला दिसायला लागल्यावर सगळ्यात मोठी हालचाल. म्हणून सगळ्यात आधी आम्ही हा क्रमच उलटवला. दिवे जाताच फ्लॅट, मग लेव्हल, शेवटी बाक आणि स्टँड. याला एक रुपयाही लागला नाही.

चेंजच्या १५ मिनिटं आधीपासून चौघांनी विंगेतच थांबायचं, मोबाईल पाहायचा नाही, रंगमंचाकडे टक लावून बघत बसायचं नाही, असं ठरवलं. पोरांना ते जाच वाटलं. काकांनी चहाची सोय विंगेतच केल्यावर तक्रार मिटली.

पायऱ्या आणि वाट

बॅकस्टेजवाल्यांचे डोळे तयार ठेवता येतात, नटाचे येत नाहीत. तो शेकडो लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेडातून अंधारात शिरतो आणि त्याला थांबायची मुभा नसते. ब्लॅकआउटच्या थोडं आधी एक डोळा मिटून ठेवायची युक्ती जुनी आहे आणि ती चालतेही, पण समोर चारशे माणसं बसलेली असताना डोळा मिटून संवाद म्हणायला कोण तयार होणार? म्हणजे विंगेतल्या दिव्याची खरी गरज नटाला होती. आम्ही इतके दिवस ती बॅकस्टेजवाल्यांची धरून बसलो होतो. दिवा कुठे लावायचा ते यावरून ठरलं. पायरीवर आणि पायरीपासून विंगेच्या आतल्या मोकळ्या जागेपर्यंतच्या वाटेवर. बाकी कुठेही नाही.

रंग कोणता, यावर प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राशी दोन संध्याकाळ वाद झाला. लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही, त्यामुळे अंधाराला सरावलेले डोळे मंद लाल दिव्याने फारसे बिघडत नाहीत. शास्त्र लालच्या बाजूने होतं. रंगभूमीवर मात्र निळा चालत आला आहे आणि त्याचंही कारण सरळ आहे. रंगमंचावरची रात्र आपण निळीच रंगवतो. विंगेतून निळी झाक बाहेर आली तर ती प्रकाशयोजनेत खपून जाते. लाल झाक आली की प्रेक्षक वळून बघतो. शेवटी निळा ठरला, पण मित्राची एक अट होती. पट्टी कुठल्याही खुर्चीवरून थेट दिसता कामा नये.

लोहार चाळीतून १२ व्होल्टची निळी एलईडी पट्टी आणली, मीटरला ६० दिवे असलेली. ती अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून पायरीच्या कडेखाली, घोट्याच्या उंचीवर, तोंड खाली आणि मागे करून लावली. पट्टी उंचावर लावली तर प्रकाश चेहऱ्यांवर आणि झालरींवर जातो. खाली लावली तर तो फक्त जमिनीवर सांडतो, आणि पायाला तेवढाच हवा असतो. पूर्ण तेजावर ही पट्टी विंगेसाठी फारच प्रखर निघाली. काळ्या मांजरपाटावर निळं तळं दिसायला लागलं. डिमर लावून पावपट केली, तरीही पुढच्या बाजूने काळ्या पुठ्ठ्याची पट्टी आडवी लावावी लागली.

मग प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून तपासण्या. मधल्या खुर्चीवरून सगळं ठीकच दिसतं, तिथून तपासून उपयोग नाही. पहिल्या रांगेतल्या अगदी टोकाच्या खुर्चीवरून समोरची विंग खोलवर दिसते. बाल्कनीतून रंगमंचाची जमीन दिसते. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व, सगळीकडे बाल्कनी आहे, म्हणजे हा प्रश्न टाळता येत नाही. काकांचा पुतण्या प्रत्येक नव्या थिएटरात या तीन-चार जागांवर जाऊन बसायचा आणि ओरडून सांगायचा, ''दिसतंय!'' मग पुठ्ठा बोटभर सरकवायचा.

किती उजेड पुरतो? पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर पाव लक्सच्या आसपास असतं. आणीबाणीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेवर किमान १ लक्स हवा, असं युरोपीय मानक सांगतं. आमची पायरी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावी. मोबाईलमधलं लक्स मोजायचं अॅप इतक्या कमी उजेडात काहीही आकडा दाखवतं, म्हणून त्याचा नाद सोडला आणि ताईलाच उतरायला लावलं. तिने पायरीकडे न बघता पाय टाकला, तिथे डिमरच्या बटणावर टेपची खूण केली.

वीज कुठून घ्यायची

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त दगा देणारा. एका उपनगरी नाट्यगृहात तिथल्या माणसाने मोठ्या मनाने विंगेतला एक प्लग दिला. अंकभर पट्टी मस्त चालली आणि ब्लॅकआउटला तीही विझली. प्लग डिमरच्या चॅनेलवरचा होता. ऑपरेटरने मास्टर, म्हणजे सगळे दिवे एकदम घालवणारी कळ, खाली आणला की आपला दिवाही गेला, आणि तोही नेमका हवा त्या क्षणी. शिवाय जुने थायरिस्टर डिमर विजेची लाट कापून देतात. एलईडीचा सप्लाय त्यावर लुकलुकतो, कधी कायमचा बसतो.

उपाय म्हणून बॅटरी घेतली. हिशेब साधा आहे. दोन्ही विंगांत मिळून ४ मीटर पट्टी, मीटरला ४.८ वॅट, म्हणजे पूर्ण तेजावर १९ वॅटच्या आसपास. पावपट तेजावर ५ वॅट धरा. अडीच तासांच्या प्रयोगाला १२-१३ वॅट-तास लागतात. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तासांची. दुपारी ४ आणि रात्री साडेआठ असे दोन प्रयोग झाले तरी ती निम्म्यावरही येत नाही. प्रत्येक विंगेला एक बॅटरी ठेवली, धन टोकाला २ अँपिअरचा फ्यूज घातला, आणि लाकडी पेटीत बसवून पेटी प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकातल्या वस्तूंच्या, ट्रंकेत टाकली. आता कुठल्या थिएटरात प्लगसाठी हात जोडावे लागत नाहीत, विंगेत आडवी वायर पसरत नाही, आणि थिएटरची लाईट गेली तरी पायरी दिसते. तीन फायद्यांतला मला शेवटचाच सर्वांत मोठा वाटतो. काकांना मात्र पहिला.

चमकणाऱ्या खुणा

बाक आणि फ्लॅट कुठे थांबवायचे यासाठी अंधारात चमकणारी टेप आणली. चांगल्या टेपमध्ये स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं. झिंक सल्फाइडची जुन्या पद्धतीची टेप फार लवकर मंदावते. तरीही ही टेप स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, घेतलेला परत देते. हे ध्यानात न घेता पोरांनी बाकाच्या खुणा दिवाणाखाली लावल्या. तासभर दिवाणाच्या सावलीत राहिलेल्या खुणा ब्लॅकआउटला ढिम्म काळ्या. तिथून काढून उघड्या जमिनीवर लावल्या, तर त्या इतक्या छान चमकल्या की बाल्कनीतल्या एका आजींनी मध्यंतरात काकांना गाठून विचारलं, ''ते खाली काजवे कसले हो?''

शेवटी नखाएवढे तुकडे कापले आणि आडव्या जमिनीऐवजी उभ्या बाजूंना लावले. लेव्हलच्या मागच्या उभ्या फळीवर, फ्लॅटच्या मागच्या चौकटीवर, पायरीच्या मागच्या कडेला. प्रेक्षागृहातून ही बाजू दिसतच नाही. पण रंगमंचाचा उजेडही तिथे पोचत नाही. म्हणून तिसऱ्या घंटेच्या आधी आणि मध्यंतरात एक जण पांढरी टॉर्च घेऊन मागून फिरतो आणि प्रत्येक तुकड्यावर थोडा वेळ झोत धरतो. टेपचं तेज पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने उतरतं, मग उरलेलं बराच वेळ टिकतं. सरावलेल्या डोळ्याला ते पुरतं. हे काम विसरायला सोपं, म्हणून ते प्रॉपर्टीच्या यादीत शेवटची ओळ म्हणून लिहिलं आहे.

लाल फाईल, हिरवी फाईल

निळ्या उजेडाची किंमत प्रॉपर्टीच्या टेबलावर कळली. दुसऱ्या अंकात डॉक्टरच्या हातात लाल फाईल असते आणि वकिलाच्या हातात हिरवी. निळ्या प्रकाशात लाल वस्तू जवळजवळ काळी दिसते आणि गडद हिरवीही तशीच. एका प्रयोगात डॉक्टर हिरवी फाईल घेऊन आले, आणि ''या लाल फाईलमध्ये तुमच्या वडिलांचं सगळं आहे'' हे वाक्य त्यांनी तसंच, न डगमगता म्हटलं. टेबलावर पांढरा दिवा लावायचा हट्ट प्रॉपर्टीवाल्याने धरला होता. त्याऐवजी लाल फाईलला रबरबँड घातला. डॉक्टरने फाईल बोटांनी ओळखायची. टेबलावर पांढऱ्या टेपचे चौकोन आखून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली, म्हणजे रंग बघायची गरजच उरली नाही.

माझ्या क्यूच्या, म्हणजे कुठल्या क्षणी काय करायचं याच्या खुणांच्या, वहीलाही तोच त्रास. निळ्या उजेडात निळ्या शाईच्या खुणा गायब. आता सगळे क्यू मऊ पेन्सिलीने ठळक लिहितो आणि वहीवर खाली तोंड केलेला, झाकण असलेला पिवळसर दिवा आहे, पानाबाहेर उजेड न सांडणारा.

सेट लावताना

वरचं सगळं प्रयोग चालू असतानाचं. त्याआधीचे दोन-तीन तास वेगळे. सकाळच्या नाटकाचं सामान बाहेर पडतं, आमचा टेम्पो मागे लागतो, आणि नेपथ्य आणि लाईट एकाच वेळी लावायचे असतात. नेपथ्यवाल्याला स्क्रू दिसायला पांढरा झगझगीत उजेड हवा. लाईटवाल्याला फोकस करायला अंधार हवा. ''वर्किंग लाईट बंद करा रे!'' आणि ''शिडीवर माणूस आहे, बंद करू नका!'' ही जुगलबंदी रोज ऐकू यायची.

इथे डोक्यावरचे दिवे उपयोगी पडले, गिर्यारोहक लावतात तसे. नेपथ्यवाल्याचा उजेड त्याच्या स्क्रूपुरता राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि लाईटवाला आपला अंधार घेऊ शकतो. नियम एकच ठेवला. शिडीवर कुणी असेल तर सगळा अंधार करायच्या आधी नाव घेऊन विचारायचं आणि होकार ऐकूनच बटण दाबायचं. दुसरी घंटा झाली की हे दिवे ट्रंकेत. मामांनी तो दिवा डोक्याला लावायला साफ नकार दिला. ते अजून चष्मा कपाळावर चढवून, स्क्रू चाचपूनच बसवतात.

यानंतर बदल ४० सेकंदांत बसू लागला आणि विंगेतली आदळआपट थांबली. एक पेच नंतर उघड झाला. प्रयोगाचं चित्रीकरण करायचं ठरलं, तेव्हा विंगेच्या जवळ ठेवलेल्या कॅमेऱ्यात आडव्या पट्ट्या सरकताना दिसू लागल्या. आमचा स्वस्तातला डिमर पट्टी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून तेज कमी करतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. त्या दिवसापुरता डिमर काढून पट्टी पूर्ण तेजावर ठेवली आणि वरून गडद निळ्या जिलेटिनचे, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे, थर चढवले. गडद निळं जिलेटिन पांढऱ्या दिव्याचा बहुतेक उजेड गिळतं. निळ्या एलईडीवर ते तितकं भुकेलं नसतं, त्यामुळे थर मोजून-मापून वाढवावे लागले. बॅटरी अर्थात चौपट खर्च झाली. दोन प्रयोग असते तर ती निम्म्याच्या खाली गेली असती.

दिग्दर्शकाला आता म्युझिकचा तुकडा ३० सेकंदांचा करायचा आहे. मामा म्हणतात, आधी लेव्हलची चाकं बदला, मग बोलू.